सिस्टरांचे पंचावन्न किलो

“आधी शून्यावर ये. मग बोल.”

माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. ज्या कारागिराने माझी सुई बसवली, त्याने माझ्या काचेवर फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाने ती पुसली आणि मला एवढंच बजावलं. मग त्याने एकेक वजन माझ्यावर ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. दर वेळी सुई शून्यावर परतते की नाही, हे तो डोळे बारीक करून बघत होता. परतली. तेव्हा कुठे त्याने बिडी पेटवली.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याचा नव्हे आणि रद्दीवाल्याचा तर मुळीच नव्हे. मी माणसं तोलतो. खाली पाय ठेवायला चौकोनी लोखंडी पाट, त्यातून वर गेलेला खांब, आणि खांबावर घड्याळासारखं गोल तोंड. घड्याळाची सुई कुणासाठी थांबत नाही म्हणतात. माझी मात्र प्रत्येकासाठी थांबते. माझ्या पोटात एक पोलादी स्प्रिंग आहे. तीच माझं काळीज.

कारखान्यातून मी थेट एका छोट्या दवाखान्यात आलो. तिथे गरोदर बायकांची तपासणी होते. एक लांबट खोली, भिंतीला टेकलेला बाक, हात धुवायचं बेसिन, हिरवा पडदा आणि पडद्याआड तपासायचं टेबल. मला खिडकीशेजारी ठेवलं. खिडकीतून रस्ता दिसायचा, बसथांबा दिसायचा आणि दवाखान्यात यायला निघालेल्या बायका लांबूनच ओळखू यायच्या. एक हात कमरेवर, पोट पुढे, पाठ मागे आणि चाल बदकाची. कुणी हसू नका हं. तुम्ही पोटात होतात तेव्हा तुमची आईही अशीच चालत होती, आणि ती तुमच्यामुळेच.

या खोलीचा सगळा कारभार सिस्टरांच्या हातात. ठेंगण्या, चपळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांचा रोजचा एक नेम होता. सकाळी आल्या की आधी हात धुवायचे, मग ओल्या फडक्याने माझा पाट पुसायचा, मानेजवळचा छोटा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायची आणि दोन क्षण डोळे मिटून उभं राहायचं. ओठ हलायचे. काय म्हणायच्या ते मी कधी ऐकलं नाही. कुणी नेमाचं कारण विचारलं तर म्हणायच्या, “सकाळी काटा खोटा, तर दिवस खोटा.”

माणसं माझ्यावर चढताना काय काय करतात, ते सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. चप्पल काढतात, ते ठीक. पण कुणी पिशवी ठेवतं, कुणी चष्मा काढतं, कुणी श्वास रोखून धरतं. एका बाईंनी तर कानातले काढून बाकावर ठेवले होते. आणि सुई थांबली की सगळ्यांचं एकच म्हणणं, “हा काटा जरा जडच दाखवतो.” मी मनाला लावून घेत नसे. आरशाचं आणि माझं नशीब सारखंच. खरं बोलायचं आणि बोलणी खायची.

सिस्टर मात्र वजनाचा हिशेब फार गोड समजावायच्या. पहिलटकरीण घाबरली की म्हणायच्या, “अगं, हे सगळं तुझं नाही. यात बाळ आहे, बाळाला पोसणारी वार आहे, ते ज्यात पोहतं ते पाणी आहे. तुझं रक्त वाढून जवळजवळ दीडपट होतं, त्याचं वजन आहे. काळीज जास्त धावतं म्हणून धडधडतं. बाळ वर ढकलतं म्हणून जिना चढताना दम लागतो. घरात पाहुणा आला की भांडी जास्त वाजणारच.” आणि शेवटी सांगायच्या, “चढण हळूहळू असावी. एकदम उडी आली की समजायचं, कुणीतरी काही लपवतंय.”

उडी नसली तरी त्यांचं लक्ष असायचं. एका बाईची सुई महिनोन्‌महिने जागची हलेना. पापण्यांची आतली बाजू पांढरीफटक. लोहाच्या गोळ्या घेतेस का, म्हणून विचारलं तर मान जोरात हलवायची. एकदा सिस्टर तिच्या घरी गेल्या, तर गोळ्या रोज खिडकीतल्या कुंडीत जात होत्या. कुंडी जोमात होती. त्या दिवसापासून ती बाई सकाळी दवाखान्यात येऊन सिस्टरांसमोर गोळी गिळायची, आणि मग कुठे माझी सुई थोडी थोडी पुढे सरकू लागली.

त्यांचा आणखी एक धडा होता, आणि तो ऐकला नाही अशी बाई या पंचक्रोशीत सापडायची नाही. “माझ्याकडे बघा. तीन मुलांची आई आहे मी. पंचावन्नच्या वर काटा सरकू दिला नाही.” असं म्हणून त्या कमरेवर हात ठेवून एक गिरकी घ्यायच्या. बायका कौतुकाने बघायच्या. पंचावन्न म्हटलं की सिस्टर आणि सिस्टर म्हटलं की पंचावन्न, असं समीकरणच झालं होतं.

आता तुम्ही विचाराल, तुला तर खरं ठाऊक असेल? होतं. अधूनमधून सकाळी, खोलीत कुणी नसताना, त्या हळूच माझ्यावर चढायच्या. सुई थांबायची. त्या तिच्याकडे बघायच्या, मी त्यांच्याकडे बघायचो. मग उतरून पाट पुन्हा एकदा पुसायच्या, जणू त्यांची पावलंही तिथे राहू नयेत. मी कुणाला सांगणार? मला तोंड आहे, पण त्यावर आकडेच आहेत.

वर्षं गेली. माझ्या पाटाचा रंग उडाला, काचेला एक तडा गेला, कुणी चढलं की मी कुरकुरू लागलो. आणि एक दिवस बाकाखाली एक चकचकीत खोका आला. आत नवा काटा. त्याला सुई नाही, स्प्रिंग नाही. लाल आकडे आपोआप उमटतात म्हणे. डॉक्टरबाई घाईत होत्या. जाता जाता म्हणाल्या, “सोमवारी हा लावून घेऊ. जुना भंगारात देऊन टाका.”

सिस्टरांनी माझ्या खांबावर हात ठेवला. त्यानंतर बायकांना माझ्यावर शंका घ्यायला आणखी जोर आला. “जाणारच आहे तो. त्याचं काय ऐकायचं?”

त्याच आठवड्यातली एक दुपार. तपासणी संपली होती, बाक रिकामा होता, डॉक्टरबाई वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीकडे होत्या. तेवढ्यात टेलरबाई आल्या, आणि मागोमाग त्यांच्या सासूबाई.

टेलरबाई म्हणजे आमच्याच रस्त्यावर शिवणाचं दुकान चालवणारी तरुण बाई, राहायला मात्र बसने दोन थांबे पुढे. पायाने चालवायचं मशीन, गळ्यात मापाची पट्टी. नजर टाकली की माणसाचं माप सांगणारी. पहिलंच बाळंतपण, आठवा महिना लागलेला. तिच्या तपासणीचा दिवस पुढच्या आठवड्यात होता. आज ती नुसती सिस्टरांचा दुरुस्त केलेला युनिफॉर्म द्यायला आली होती.

सासूबाई बाकावर ऐसपैस बसल्या. हसऱ्या, बोलक्या, सुनेवर जीव टाकणाऱ्या. “बघा हो सिस्टर, आमची सूनबाई कशी भरलीय. लग्नात काडी होती काडी. आता गाल बघा. बाळसं धरलंय नुसतं.”

“बाळसं बाळाला येतं आजी, आईला नाही,” सिस्टर हसत म्हणाल्या आणि युनिफॉर्म उलगडून बघू लागल्या.

“घालूनच बघा,” टेलरबाई म्हणाली. “काखेत सैल केलाय.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आणि... सगळीकडेच.”

सिस्टर पडद्याआड गेल्या. टेलरबाईने दोन बोटांनी कपाळ दाबलं.

“दुखतंय अजून?” सासूबाईंनी विचारलं.

“थोडं.”

“पित्त आहे ते. आमच्या घराण्यातच पित्त.”

“मी तुमच्या घराण्यातली कुठली? मी तर लग्न होऊन आले.”

“आलीस ना? मग पित्तही आलं. सगळ्यांना सारखं वाटून देतो आम्ही.”

दोघी हसल्या. आणि हसत हसत, वेळ घालवायला म्हणून, टेलरबाई माझ्यावर चढली.

मित्रांनो, मागच्या वेळी ती आली होती त्याला दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. तेव्हा माझी सुई सदुसष्टवर थांबली होती. आज ती सदुसष्ट ओलांडून गेली. मीच दचकलो. सावकाश थरथरत एकाहत्तरवर येऊन थांबली.

“अहो आई, हे बघा. चार किलो वाढलं माझं.”

सासूबाई उठून आल्या. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून त्यांनी आकडा वाचला आणि माझ्या खांबावर एक चापट मारली. “हॅ. चार किलो काय अशी वाढतात? म्हातारा झालाय काटा. तो बघ, नवीन आणून ठेवलाय.”

“पण मागच्या वेळी तर बरोबर...”

“मागच्या वेळी कमी दाखवलं असेल. याचा काय भरवसा? चल, युनिफॉर्म झाला की निघू. तू घरी जाऊन डोळे मिटून पड जरा. पित्त उतरेल.”

मी बोलू शकत नाही याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं. ती माझ्यावर उभी होती म्हणून तिच्या तळव्यांचा भार मला कळत होता. ती पावलं आधी हलकी असायची. आज ती ओलं कापड टाकावं तशी जड पडली होती. हे मांस नव्हतं. हे पाणी होतं. आणि त्या बसथांब्यावर बस लागली असती, तर पुढच्या आठवड्यापर्यंत ते कुणी बघणारही नव्हतं.

पडदा सरकला. सिस्टर बाहेर आल्या, वरचं बटण अजून उघडंच. “कोण म्हणालं एकाहत्तर?”

“काटा म्हणाला,” सासूबाई म्हणाल्या. “त्याला बीपी झालंय.”

“आणि हिला?”

“हिला कुठलं बीपी? आमच्या घरात कुणालाच बीपी नाही.”

“बीपी सगळ्यांना असतं आजी. ज्याला नसतं त्याच्याजवळ बसून रडतात,” सिस्टर म्हणाल्या, पण त्यांचे डोळे सुनेच्या चेहऱ्यावर होते. “खरंच वाढलंय की काटा चुकतोय, हे आधी बघू.”

“सोपं आहे की,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्हीच उभ्या राहा. तुमचं पंचावन्न तर दगडावरची रेघ. पंचावन्न दाखवलं तर काटा खरा. नाहीतर आम्ही निघालो, बस येईल.”

सिस्टरांनी एकदा माझ्याकडे, एकदा सुनेकडे पाहिलं.

माझ्यासमोर एकच वाट होती. काट्याला एकच असते. पण माणसांना दोन असतात, आणि सिस्टरांना त्या दोन्ही दिसत होत्या. ‘असेल बिघडलेला, सोमवारी नव्यावर करू,’ एवढं म्हटलं असतं, तरी इतक्या वर्षांची शान राहिली असती आणि कुणाला काही कळलं नसतं.

सिस्टरांनी चप्पल काढली. किल्ल्यांचा जुडगा काढून बाकावर ठेवला. मग एक श्वास सोडला आणि माझ्यावर चढल्या.

अडुसष्ट.

सासूबाईंनी टाळी वाजवली. “घ्या. तेरा किलोंचा घोळ. मी म्हटलं नव्हतं? चल गं सूनबाई.” त्यांनी पिशवी उचलली, सुनेचा दंड धरला आणि दाराकडे वळल्याही.

“थांबा आजी.”

सिस्टर अजून माझ्यावरच उभ्या होत्या. माझ्या तडा गेलेल्या काचेकडे बघत म्हणाल्या, “काटा बरोबर आहे. चूक माझी आहे. पंचावन्न मी पहिल्या बाळंतपणाआधी होते.”

सासूबाईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. “म्हणजे? इतकी वर्षं आम्हाला जे सांगत होतात...”

“ते सांगत होते. भरत नव्हते.”

आता सासूबाईंना खरं वाटेना. चांगल्या माणसाने एकदा थाप मारली की त्याचं खरंही पचत नाही. त्या सुनेकडे बघायला लागल्या, आणि सून खाली मान घालून हसत होती.

“खरं आहे आई,” टेलरबाई म्हणाली. “युनिफॉर्मची शिवण मी दोनदा उसवलीय. आता उसवायला कापडच उरलं नाही. म्हणून या वेळी बाजूला पट्टी जोडलीय.”

“आणि तू मला बोलली नाहीस?”

“गिऱ्हाइकाचं माप बाहेर सांगायचं नसतं.” मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. तिने माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “म्हणजे काटा खरा. म्हणजे माझेही चार किलो खरेच.”

“बस,” सिस्टर म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण त्यात आता थट्टा नव्हती. “अंगुस्तान कुठंय तुझं?” शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती लहानशी टोपी टेलरबाईच्या बोटातून कधी निघालेली मी पाहिली नव्हती.

तिने गळ्यातला दोरा वर काढला. त्याला अंगुस्तान लटकत होतं. “बोटात जात नाही काही दिवस झाले.”

“चप्पल?”

“आईंची घातलीय. माझी चढत नाही.”

सिस्टर खाली बसल्या आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला, तर तिथे खळगा तसाच राहिला, कणकेच्या गोळ्यात राहतो तसा.

“पाय सगळ्यांचेच सुजतात की,” सासूबाई म्हणाल्या.

“सुजतात. संध्याकाळी सुजतात आणि रात्रभर झोपलं की उतरतात. तुझे उतरतात का गं?”

“नाही. सकाळी पापण्याही जड असतात. आरशात मी दुसरीच कुणी दिसते.”

“डोळ्यांपुढे काही?”

“दोरा ओवताना काजवे चमकतात. मला वाटलं, चष्मा लागला.”

“आणि इथे?” सिस्टरांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला.

“दुखतं. पण ते पित्ताचं ना?”

सिस्टरांनी रक्तदाबाचं यंत्र आणलं. बाही वर करून दंडाला पट्टा गुंडाळला, पाठीला उशी दिली, पाय जमिनीवर टेकवले आणि तिला थोडा वेळ नुसतं बसू दिलं. “आता बोलू नकोस. आजी, तुम्हीही.” सासूबाई जन्मात पहिल्यांदा न बोलता बसल्या असाव्यात. सिस्टरांनी एकदा मोजलं, थोड्या वेळाने पुन्हा मोजलं. मग जिन्यापाशी जाऊन त्यांनी डॉक्टरबाईंना हाक मारली. पळाल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पण त्या हाकेत असं काही होतं की डॉक्टरबाई हातमोजे काढत काढतच खाली आल्या.

लघवी तपासली. त्यात प्रथिनं जात होती. बाळाचे ठोके ऐकले. ते चांगले होते. टेबलावरून टेलरबाईचा हुंदका आला आणि लगेच थांबला.

“नीट ऐका दोघी,” डॉक्टरबाई बाकावर त्यांच्याशेजारी बसून म्हणाल्या. “गरोदरपणात कधी कधी रक्तदाब असा चढतो. मग मूत्रपिंड, यकृत, डोकं, सगळ्यांवर ताण येतो. अंगात पाणी साठतं, तेच वजनात दिसलं. दुर्लक्ष झालं तर झटके येऊ शकतात, आईच्याही जिवावर बेततं आणि बाळाच्याही. वेळेत कळलं तर आपल्या हातात पुष्कळ काही असतं. आज वेळेत कळलंय. मोठ्या इस्पितळात आत्ताच जायचं. रक्तदाबाची गोळी इथेच देते आणि झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनही. गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर पडून राहा.”

“काय चुकलं माझं?” टेलरबाईने विचारलं. “पायाने मशीन चालवलं म्हणून का?”

“काही नाही चुकलं. हे कुणालाही होतं. पहिल्या खेपेला जरा जास्त होतं, एवढंच.”

गाडी येईपर्यंत सासूबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. ज्या खांबावर चापट मारली होती, तोच खांब त्यांनी धरला होता.

“सूज होती, आणि मी बाळसं म्हणून मिरवत होते,” त्या सिस्टरांना म्हणाल्या. “घरी नेऊन झोपवणार होते तिला.”

“तुम्ही प्रेमानेच म्हणत होतात.”

“प्रेमाला डोळे असावेत की नाही?” त्यांनी डोळे टिपले. “सिस्टर, शब्द देते. माझी पोर धड घरी आली, न आली, तरीही. आमच्या गल्लीत यापुढे कुणा पोटुशीला ‘पित्त आहे, पड जरा’ असं म्हणून मी झोपू देणार नाही. हाताला धरून इथे आणीन. तिने शिव्या दिल्या तरी आणीन.”

“द्या शब्द,” सिस्टर म्हणाल्या. “पण आधी पाणी प्या.”

गाडी गेली. खोलीत मी एकटा उरलो.

त्यानंतरचे दिवस मला जड गेले. मी माणसांचं वजन सांगू शकतो, बातम्या आणू शकत नाही. सकाळी सिस्टर यायच्या, सुई शून्यावर आणायच्या, आणि त्यांच्या हलणाऱ्या ओठांवर त्या दिवसांत एकच नाव असावं असं मला वाटायचं. सोमवार आला आणि गेला. खोका बाकाखालीच राहिला. पुढे डॉक्टरबाई स्वतः म्हणाल्या, “नवा आत लावू या. हा बाहेर व्हरांड्यात असू द्या. ज्याला वाटेल त्याने, वाटेल तेव्हा उभं राहावं. नंबर लावायची गरज नको.”

बातमी तुकड्यातुकड्यांनी आली. रक्तदाब आटोक्यात आहे. बाळाला अजून पोटातच ठेवलंय, जेवढे दिवस मिळतील तेवढे चांगले. रोज रक्त तपासतात, रोज ठोके ऐकतात. मग नववा महिना लागला तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की आता थांबण्यात फायदा नाही, आणि कळा आणल्या. एका सकाळी सिस्टर आल्या त्या नेम विसरून थेट माझ्याकडे. “मुलगी झाली रे,” माझ्या काचेवर बोट टेकवून म्हणाल्या. “सव्वादोन किलो. आवाज मात्र पाच किलोंचा.”

टेलरबाईला तरी इस्पितळाने लगेच सोडलं नाही. बाळ झालं म्हणजे धोका त्याच क्षणी पळाला असं नसतं; त्यानंतरही काही दिवस रक्तदाब डोकं वर काढू शकतो. घरी आल्यावरही तिने गोळ्या घेतल्या, वेळच्या वेळी येऊन मोजून घेतलं. तिच्या पायावरची सूज उतरली तेव्हा तिची जुनी चप्पल पुन्हा तिच्या पायात आली आणि सासूबाईंची सासूबाईंना परत मिळाली.

बाळाला घेऊन त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा आत बाळांचा छोटा काटा तयार होता. सासूबाई ऐकेनात. “आधी याच्यावर.”

“अहो आजी, एवढा बारीक फरक याला नाही कळत,” सिस्टर म्हणाल्या. “नीट वजन तिकडे होईल.”

“नीट तिकडे करा. हे लाडाचं वजन.”

मग टेलरबाई बाळाला घेऊन माझ्यावर उभी राहिली. नंतर बाळ सासूबाईंकडे देऊन एकटी उभी राहिली. वजाबाकी सगळ्यांनी मोठ्याने केली आणि प्रत्येकीची वेगळी आली. मी म्हातारा लोखंडाचा तुकडा, पण त्या दिवशी मी अजिबात कुरकुरलो नाही. त्यानंतर सिस्टर बायकांना वजनाचा धडा देतात तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणतात, “माझ्याकडे बघा. अडुसष्ट. आणि याला विचारा, खोटं असेल तर.” गिरकी मात्र अजून घेतात.

मित्रांनो, मी आता व्हरांड्यात असतो. शाळा सुटली की तुमच्यापैकी काही जण माझ्यावर उड्या मारतात. मारू नका. स्प्रिंग आता थकली आहे. महिन्यातून एकदा कुणी तेल दिलं, धूळ पुसली, तर मी अजून बरीच वर्षं खरं बोलेन. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्या घरात आई, ताई, वहिनी, काकी, कुणीही दोन जिवांची असेल, तर तिच्याकडे जरा बघत जा. चेहरा, हात एकाएकी सुजले, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे चमकलं, बरगडीखाली दुखलं, तर ‘होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका. तिचा हात धरा आणि दवाखान्यात चला. काही नसेल तर फार तर एक फेरी वाया जाईल. आणि काट्याने मनासारखं सांगितलं नाही, तर काट्यावर रुसण्याआधी एकदा विचारा, हा असं का म्हणतोय.

परवाचीच गोष्ट सांगतो. टेलरबाई तपासणीला आली होती. सासूबाई माझ्याजवळच्या पायरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आत सिस्टर आणि टेलरबाई बोलत होत्या, आणि बोलता बोलता टेलरबाई म्हणाली, “इस्त्रीवाल्यांची धाकटी सून यायची होती आज माप द्यायला. सातवा सरत आला तिचा. आलीच नाही. सकाळपासून डोकं धरून पडलीय म्हणे. पित्त झालंय.”

सासूबाईंची मांडी हलायची थांबली.

त्या उठल्या. आत जाऊन बाळ सुनेच्या हातात दिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“कुठे निघालात आई? अजून नंबर यायचाय आपला.”

“येते गं जाऊन.”

बाहेर येऊन त्यांनी पायात चप्पल सरकवली. पदर खोचला, पायऱ्या उतरल्या. बसथांब्यावर बस उभी होती, पण तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. इस्त्रीवाल्यांच्या गल्लीकडे त्या भराभर चालू लागल्या.